ऱ्होडेशियाचा शेजारी

ती. बाबा,
गॉलवेहून नमस्कार. मी ठणठणीत आहे. लॉकडाऊनमुळे ऱ्होडेशियावरचा प्रबंध तरी पुढे सरकतोय.

१९६५ साली ऱ्होडेशियातल्या गोऱ्यांच्या सरकारने ब्रिटनला न जुमानता स्वातंत्र्य जाहीर केलं. जगाने व्यापार तोडला, तरी ते चौदा वर्षं टिकलं, कारण शेजारची दक्षिण आफ्रिका तेल पुरवत राहिली. युद्धाने जेरीस आलं आणि शेजाऱ्यानेही हात आखडता घेतला, तेव्हा कुठे नमलं.

आईने घरात गोड बंद केलंय, मग तुमची साखर वाढते कशी? पायाला मुंग्या येतात का अजून? खरं सांगा. विमानांचा भरवसा नाही, मला धावत येता येणार नाही.

म्हणून आज शेजारच्या खांबेटेकाकांनाच फोन केला. आधी कानांवर हात ठेवले, मग म्हणाले, "दोनच जिलब्या देतो गं."

आता त्याही बंद.

तुमची,
स्वरूपा