मामींनी न धुतलेल्या शेंगा

नांदेड,
सोमवार

तीर्थस्वरूप मडिवाळप्पा मामांच्या चरणी भाची रत्नम्माचे शरणार्थ.

जंतू मेले! (आधी हे सांगून टाकते, खुशाली मागून विचारते, रागावू नका.) तुमची प्रकृती कशी आहे? मानेवरचं गळू पुन्हा आलं नाही ना? इथं नांदेडला ते उत्तम आहे. दिवाळीत तुमच्या गळवातला पू मी कापसाच्या बोळ्यावर घेऊन आले, तेव्हापासून त्यातले जंतू माझ्या काचेच्या बशीत असे माजलेत, की सबंध लातूर जिल्ह्यात यंदा पीक आलं असेल तर एवढंच. पेनिसिलिनला दाद देत नाहीत. रात्रंदिवस खातात आणि कुणाचं ऐकत नाहीत. मामींना सांगितलं तर त्या म्हणतील, मालकावरच गेलेत.

तुम्हाला ठाऊकच आहे, या जंतूंना मारणारं औषध मातीत सापडेल म्हणून मी गावोगावची माती गोळा करत होते. मातीत काही सूक्ष्म जीव असे असतात, की ते शेजाऱ्याला सुखानं जगू देत नाहीत (भावकीच म्हणा). त्यातला एखादा मला हवा होता, आणि तोही लवकर, कारण आमच्या अप्पांनी मुदत घातलेली: संक्रांतीपर्यंत जंतू मेले तर संशोधन, नाहीतर निलंग्याचं स्थळ. (स्थळ चांगलं आहे म्हणतात. किराण्याचं मोठं दुकान आहे. मला जन्मभर गूळ तोलायचा नाही, एवढंच.) तुमच्या देवणीत मी चमच्यानं माती उकरून पिशव्यांत भरायला लागले, तर मागे ही गर्दी! लातूर जिल्हा नवा झाल्यापासून कुणी वाकून जमीन पाहिली की लोकांना तिथं कचेरी दिसते. तुमच्या शेजारच्या पंचफुलाबाईंनी तर माझा हातच धरला. "बाई, हापिस आमच्याच रानात बांधा. पाया खंदताना पानी तर लागंल!" मी म्हटलं, मी सरकारी नाही, मी जंतूंचं काम करते. त्या म्हणाल्या, "मंग जंतूचं हापिस बांधा, पन खंदा!" एवढं करून देवणीची माती फुकट गेली, लोह्याची गेली, विष्णुपुरीचीही गेली. तुमचे जंतू होते तसेच.

शेवटची पिशवी वाया गेली त्या दिवशी मी प्रयोगशाळेचं दार लावून रडले, आणि रडता रडता मामींनी निघताना दिलेल्या शेंगा फोडत बसले. (प्रयोगशाळेत खाण्यास सक्त मनाई आहे. ती पाटी माझ्याच अक्षरात आहे.) मामी म्हणजे पाणीसुद्धा धुऊन घेतील अशा, पण यंदा टँकरची वाट बघण्यात दिवस जातोय, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शेंगा तशाच दिल्या, काळ्या मातीसकट. त्यातला एक खडा उघड्या बशीत पडला. पुढच्या आठवड्यात बशा टाकून द्यायला गेले, तर त्या खड्याभोवती पांढुरका थर उगवलेला आणि त्याच्या भोवताली गोल जागा लख्ख स्वच्छ. तिथं तुमचा एकही जंतू नव्हता. मामा, मी फरशीवरच फतकल मारून बसले. लोकांचा जीव भांड्यात पडतो, माझा बशीत पडला. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

आमचे मार्गदर्शक देविदास सर बराच वेळ बशी फिरवून बघत राहिले. माती कुठली, म्हणाले. मी म्हटलं, देवणीची. (खाऊबरोबर आली का, असं त्यांनी विचारलं नाही.) तेव्हा आता अप्पांकडे जा आणि त्यांना सांगा. ते माझं ऐकत नाहीत, तुमचं तर मुळीच नाही. पण मानेवरचा टॉवेल काढून व्रण दाखवलात तर पटेल त्यांना.

मामींना शरणार्थ.

तुमची आणि तुमच्या गळवाची ऋणी,
रत्नम्मा

ता. क. अप्पांना इतक्यात काही सांगू नका. सर म्हणतात, एकदा मेले तो योगायोग; त्याच मातीनं पुन्हा मेले तर संशोधन. बशीतला खडा विरघळून गेला आणि तो थर नव्या बशीत उगवेना. शेंगा मी सगळ्या खाल्ल्या आणि टरफलं झाडून टाकली. तुमच्या रानात तर यंदा शेंगा झाल्याच नाहीत. ते पोतं उदगीरच्या बाजारातलं, कुणाच्या रानातलं ते विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. म्हणून हे पत्र. त्याच पोत्यातल्या चार मुठी शेंगा मामींच्या नकळत काढा आणि न धुता पाठवा. संक्रांत जवळ आली आहे.

ता. क. दुसरा. पत्र पेटीत टाकायला निघाले, तोच देवणीच्या एसटीचा कंडक्टर गुरुलिंग दारात. मामींनी उरलेल्या सगळ्या शेंगा पाठवल्यात. निरोप असा: "पोरगी हॉस्टेलात धुळीच्या शेंगा घेऊन गेली, मला लई लाज वाटली. ह्या तीन पाण्यानं धुतल्या हायत." शेंगा मोत्यासारख्या चमकतायत. पोतंही धुतलंय. टँकरची अख्खी घागर माझ्यापायी गेली हे ऐकून मला मामींचा राग यावा की रडू, तेच कळेना. पण गुरुलिंग जाता जाता म्हणाला, "पानी वाया न्हाई गेलं बरं का. बेलाच्या आळ्यात वतलं मामींनी."

मामा, त्या आळ्यातली वरवरची ओंजळभर माती आजच पाठवा. तुम्ही स्वतः भरा. मामींच्या हाती लागली तर त्या तीसुद्धा धुऊन पाठवतील.