अण्णांच्या नावाने पहिला गळ

धार, रविवार

श्रीमंत विक्रमसिंह यांच्या चरणी (आणि त्या चरणांतल्या गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांनाही) अंबरीशचा नमस्कार पोचावा. प्रकृती कशी आहे? तळ्यात पडून झालेली सर्दी अजून टिकून असेल अशी आशा करतो. वहिनींना नमस्कार. चि. शिवांगीचा इंग्लंडहून फोन आला की तिला माझे आशीर्वाद सांग, आणि हेही सांग की बाप निवृत्त झाला की मुली शाल पाठवतात, घड्याळ पाठवतात. मासे पकडायचं सामान पाठवून इंदूरपलीकडच्या निरपराध माणसांच्या घरात गोंधळ माजवत नाहीत. यापुढे 'इकडे सर्व क्षेम' असं लिहायची रीत आहे. ते मी लिहिणार नाही, कारण इकडे क्षेम नाही, आणि तू फोन उचलत नाहीस म्हणून मला हे हाताने लिहावं लागतं आहे.

तुझ्या घराण्याला मासे नवे नाहीत. तुझ्या आजोबांच्या गळाला लागलेला मासा संध्याकाळपर्यंत रश्शात असे आणि त्यात कुणालाही काही समजावून सांगावं लागत नसे. तुझा छंद विलायती. मासा धरायचा, गादीवर निजवायचा, तोलायचा, ओठाला औषध लावायचं, तान्ह्या मुलासारखा हातांवर घेऊन फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. मासे खाणारे चिडतात कारण तू सोडतोस; न खाणारे चिडतात कारण तू धरतोस. देवासच्या तळ्यावर लोक हसायला लागले म्हणून तू धारला आलास, माझ्याकडे, माझ्या पलंगावर. (माशाला गादी, पाहुण्याला पलंग आणि यजमानाला चटई, ही व्यवस्था कोणत्या शास्त्रात बसते ते मी अजून शोधतो आहे. एका स्मृतीत रोहू माशाला श्राद्धात मान आहे हे मात्र सापडलं. अक्काला सांगितलेलं नाही.)

अक्का माझी मोठी बहीण असली तरी राखी पहिल्यांदा तुझ्या हाताला बांधते, हे तुला ठाऊक आहे आणि त्याचा तू आजवर पुरेपूर फायदा घेतला आहेस. तिने तुला एकच अट घातली होती. गळाला लावायच्या त्या विलायती गोळ्यांत अंडं असतं असं तू सहज बोलून गेलास, तेव्हा तिने तुला उंबऱ्याबाहेर थांबवून टेकडीवरच्या चामुंडेची शपथ घ्यायला लावली की या घरात अंडं येणार नाही. तू घेतलीस. डोळे मिटून, हात जोडून घेतलीस.

पुढे काय झालं ते तुला माहीत आहे, पण कसं दिसलं ते माहीत नाही. तुझे स्ट्रॉबेरीच्या वासाचे गोळे आमच्या माशांनी हुंगलेदेखील नाहीत. मग तू पाहिलंस की घाटावर कुणी पिंड सोडले की पाणी उकळल्यासारखं होतं. बरोबरच आहे. त्या तळ्यातले मासे धारच्या चार पिढ्यांच्या पिंडांवर पोसलेले आहेत, स्ट्रॉबेरी त्यांना काय ठाऊक? इथवर मी तुझ्या निरीक्षणाला दाद देतो. पण त्यानंतर तू तळ्यात पडलास, ओलाचिंब घरी आलास, आणि उघड्या अंगाने पंचा नेसून, दुसरा पंचा उजव्या खांद्यावर टाकून (पितृकार्यात जानवं असतं तसा), आमच्या ओट्यावर दक्षिणेकडे तोंड करून बसलास, आणि भाताचे काळे तीळ घातलेले गोळे वळून पत्रावळीवर ओळीने मांडलेस. अक्का देवळात. मी कॉलेजात. तीर्थरूप अण्णा डोळ्याच्या ऑपरेशनमुळे आठवडाभर ओट्यावर दिसलेले नाहीत. समोरच्या दत्ताजींनी हे पाहिलं. जन्मभर या माणसाने प्रत्येक गोष्ट खोदून खोदून विचारली. नेमकी त्याच दिवशी 'असल्या वेळी विचारू नये' अशी सभ्यता त्यांच्या अंगात आली. त्यांनी सरळ समाजाच्या ग्रुपवर टाकलं: 'हमारे पूज्य अण्णासाब नहीं रहे.' वर अण्णांचा फोटो, त्याला हार.

विक्रम, मी वर्गात होतो. समास शिकवत होतो. प्राचार्य आत आले, माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि म्हणाले, 'भिया, घर जाओ.' तिथपासून घरापर्यंतचा रस्ता मी स्कूटरवर कसा कापला ते मला आठवत नाही, आणि ही एकच गोष्ट मी तुला विनोद म्हणून सांगत नाही.

दारात चपलांचा ढीग. आत अण्णा एका डोळ्यावर पट्टी घेऊन पाटावर बसलेले. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजाऱ्यांनी आणलेलं पिठलं-भात ते जेवत होते आणि मीठ कमी कुणाच्या पिठल्यात आहे याची चौकशी करत होते. कुक्षीचे काका जीप करून निघाले होते; त्यांना परत फिरायला सांगितलं तर ते चिडले की आता डिझेल भरून झालं. भेटायला आलेले लोक ओशाळून हसत होते. सगळं तिथेच मिटलं असतं.

तेवढ्यात तू आलास. चेहरा उजळलेला, हातात मोबाईल, त्यात तो अजस्र कटला मासा. कुणाकडे न बघता तू अण्णांच्या पाया पडलास आणि भरल्या घरात म्हणालास, 'अण्णा, पहिला गळ तुमच्या नावाने टाकला. टाकताक्षणी घेतला बघा.'

अण्णांनी हातातला घास खाली ठेवला. तू मात्र फोटो दाखवत राहिलास.

त्या दिवसापासून अण्णा अन्नाला शिवलेले नाहीत. सकाळी कपभर दूध, संध्याकाळी कपभर दूध. भीती वगैरे काही नाही, ते निवृत्त हेडमास्तर आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच की आपल्या नावाचा पिंड दिला गेला, पाण्याने घेतला, आता जेवणं म्हणजे बदली झाल्यावर जुन्या शाळेच्या हजेरीपटावर सही करणं. मी सांगितलं, गोत्राचा उच्चार झालेला नाही. ते म्हणाले, गावात अण्णा एकच, गोत्र कशाला? मी सांगितलं, विक्रमने मासा सोडून दिला. त्यावर ते म्हणाले, 'मासा सोडला. पिंड सोडला का?' तेहेतीस वर्षं संस्कृत शिकवणारा मी पुन्हा स्मृती उघडून बसलो. अक्का रोज ताट वाढते आणि रोज झाकून ठेवते. आणि तू त्याच संध्याकाळी 'उद्या जरा काम आहे' म्हणून देवासला निघून गेलास. तुझ्यासारखा मित्र शत्रूलाही मिळू नये असं लिहिणार होतो, पण शत्रूंबद्दल माझ्या मनात इतकं वाईट नाही.

वहिनींना पुन्हा नमस्कार. तुला नाही.

तुझा (नाइलाजाने),
अंबरीश

ता. क. गादी इथेच राहिली आहे. परत मिळणार नाही. तिच्यावर मी झोपतो.

ता. क. २ आता मुद्द्याचं. कोरफडीच्या कुंडीत मला अंड्याची टरफलं सापडली. गोळा गळावर टिकत नव्हता म्हणून तू घातलंस, हे मला न सांगता कळतं. मी ती गुपचूप दूर नेऊन टाकली. पण विक्रम, ज्यात अंडं आहे तो पिंड होऊच शकत नाही. कुठलाही पितर त्याला हात लावणार नाही. हे तू स्वतः अण्णांना सांग. मी सांगितलं तर त्यांना जेवायला लावायची युक्ती वाटेल. अक्काला कळेल, ती तुला पुन्हा उंबरा ओलांडू देणार नाही, राखीही बंद होईल, हे सगळं मला दिसतं आहे. तरीही ये. मी हात जोडतो.

ता. क. ३ वरचं रद्द समज. मी पाकीट आणायला आत गेलो तेवढ्यात अण्णांनी उघड्या डोळ्याने हे सगळं पत्र वाचलं (दोन ठिकाणी शुद्धलेखनही सुधारलं आहे). आत्ता ते भात कालवून जेवत आहेत. अक्काला काही सांगणार नाही म्हणाले. माशाचं वजन किती भरलं ते विचारतात, आणि पुढच्या रविवारी तुला गळ घेऊन बोलावलं आहे. पहिला गळ दत्ताजींच्या नावाने टाकायचा. अंडं न घालता.