तिसऱ्या 'नाही'नंतर

बँकॉक, ५ फेब्रुवारी २०२५

ती. दादा व सौ. सुंदरवहिनी यांना कस्तुराचा सा. न. वि. वि.

रिठदच्या अंगणात हे पत्र ऐकायला बसलेल्या समस्त मंडळींनो, तुमची-माझी तक्रार एकच आहे. आमचे दादा, उकंडराव, यांचा फोन सदा स्पीकरवर असतो. माझ्या गुडघ्याची औषधं गल्लीतल्या शेळ्यांनाही पाठ झाली आहेत. म्हणून मी फोन न करता वहीत पत्र लिहिते आहे. इथं त्याचे फोटो काढून निकिताच्या मोबाइलवर पाठवीन आणि दादांची ही लेक ते वाचून दाखवील. ऐकणार पुन्हा सगळी गल्लीच, पण निदान मी बोलत असताना मध्येच कोणी म्हशीचा भाव विचारणार नाही.

मी सुखरूप पोचले. अंगुरीबाई, म्हणजे माझी कारंज्याच्या शाळेतली मैत्रीण, विमानतळावर घ्यायला आली होती. तिचा मुलगा मयंक इथं रत्नांच्या पेढीवर आहे. घर बाराव्या मजल्यावर. खाली बघावं तर नारिंगी जाकिटं घातलेले दुचाकीवाले मुंग्यांसारखे धावताहेत, त्यांच्या डोक्यावरून रेल्वे जाते आहे, आणि रेल्वेखाली एक बाई निवांत पपई कापते आहे. उकाडा आपल्या मे महिन्याइतका, फक्त ओला.

आता दुःख ऐका. सून टीना हिनं पहिल्या दुपारी गरम फुलके वाढले आणि अजून एक घेणार का म्हणून विचारलं. मी रीतीप्रमाणे नाही म्हटलं. आपल्याकडे पहिली नाही मानाची, दुसरी संकोचाची आणि तिसरी तोंडातून निघेपर्यंत भाकर ताटात पडलेली असते. टीनानं मात्र बरं म्हटलं आणि डब्याचं झाकण लावलं! दादा, त्या झाकणाचा आवाज अजून माझ्या कानात आहे. संध्याकाळी आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात आला. मी पुन्हा नाही म्हटलं. टीनानं माझी बशी उचलली आणि माझ्यासमोर, माझा आंबा, स्वतः खाल्ला.

दुसऱ्या दिवशी त्या वरच्या रेल्वेत एका पोरानं उठून मला जागा दिली. मी हात हलवून राहू दे बाळा अशी खूण केली, तर तो खरंच बसला. सात स्टेशनं मी दांडीला लोंबकळत गेले.

शेवटी अंगुरीला विचारलं. ती पोट धरून हसली. म्हणाली की, इथं आली तेव्हा तिचंही चार किलो वजन उतरलं होतं. घरात टीनाचा नियम आहे: एकदा विचारायचं आणि जे उत्तर येईल ते खरं मानायचं. टीनाचं म्हणणं असं की, नाही म्हटल्यावरही वाढायचंच असेल तर विचारलं कशाला? ऐका हे तत्त्वज्ञान! असल्या घरात माणूस स्वतःच्या तोंडानं उपाशी मरेल.

मी चौदा तारखेला परत येते, म्हणजे निकिताच्या सोळाच्या साक्षगंधाला दोन दिवस हाताशी राहतील. धनजच्या मंडळींचा मान नीट ठेवा. राजपालसारखं स्थळ मी आणलं आहे, कोणा ऐऱ्यागैऱ्यानं नाही. आणि निकिता, तू हे वाचतेच आहेस तर ऐक. लाजणं तुला शोभतं, पण आता पुरे.

प्रेम असू द्या, आणि मी आल्यावर ते तीनदा विचारून वाढा.

तुमची,
कस्तुरा

रिठद, ७ फेब्रुवारी

चि. कस्तुराले अनेक आशीर्वाद.

तुयं पत्र भेटलं. अंगनात लय मानसं जमली होती. तुया आंबा दुसऱ्यानं खाल्ला हे आयकून शेजारच्या सोमलाले हसता हसता ठसका लागला, पाठीवर बुक्क्या माराव्या लागल्या. तुले कोनीतरी उपाशी ठेवलं याचा गावाले आनंद झाला म्हन. तू हेडमास्तरीन होती तवा पंधरा ऑगस्टले पोरायले दोन दोन घंटे उन्हात उभं करून भाषन देत होती, ते पोरं आता बापे झाले. ते म्हनून राह्यले का बाईले सातच टेसनं कायले, सतरा पाह्यजे होते.

इकडं हरभरा सोंगनीले आला. मंडपवाल्याले सांगतलं. धनजचे साठ लोक येतात. वरन-पोळी, वांग्याची भाजी अन् बुंदी ठरवली.

एक गोष्ट सांगतो. निकिता पत्र वाचता वाचता शेवटाले थांबली. म्या म्हटलं काहून थांबली, त म्हने घसा बसला. मंग बाकीचं म्याच चष्मा लावून वाचलं. तवापासून ते धड जेवत नाही. तुयी वहिनी म्हने का पोरगी खरंच नाही म्हनून राह्यली, लाजून नाही. म्या तिले गप केलं. म्या म्हटलं, कस्तुरा शिकलेली हाय, तिनं सांगतलं का पोरीची नाही म्हंजे लाज. तुयाच भरवशावर म्या धनजवाल्यायले हो म्हटलं. आता तू आली का तिले एक भाषन दे, म्हंजे गाडी सुरळीत होईन.

तिकडं लाजू नको, पोटभर मांगून खा. माया हाय, ते काही कागदावर लिहित नाही.

उकंडराव

रिठद, ८ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न.

हे पत्र बाबांना दाखवलेलं नाही. अंगणात तर नाहीच.

तुझा एक फुलका कमी पडला, तर तू तीन पानं लिहिलीस आणि ती मला सगळ्या गल्लीसमोर वाचावी लागली. मीही नाही म्हटलं आहे, आत्या. पहिल्यांदा दिवाळीत, तुझ्या वाशिमच्या घरी. तू म्हणालीस, सुरुवातीला सगळ्याच म्हणतात. दुसऱ्यांदा संक्रांतीला, बाबांना. ते हसले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. तिसऱ्यांदा धनजचे लोक पाहून गेल्यावर, पुन्हा तुलाच. तेव्हा तू पाऊण तास बोललीस. मुलींच्या शिक्षणापासून सुरुवात केलीस आणि हळदीपर्यंत येऊन थांबलीस. मी खाली मान घालून बसले होते. तू त्याला होकार समजलीस. मी फक्त तुझं संपायची वाट पाहत होते.

राजपाल वाईट नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं, तुम्ही ऐकलं असतं. दारू नाही, जुगार नाही, म्हणजे माझ्याजवळ कारण नाही, आणि कारण नाही म्हणून माझं उत्तर धरत नाहीत. मला नको आहे, एवढंच आहे माझ्याजवळ.

टीनावहिनींना माझा नमस्कार सांग. त्यांच्या घरी उपाशी राहायला मी एका पायावर तयार आहे.

तुझा फार राग येतो, आणि तरी तुलाच लिहिते आहे. त्यातून काय ते समज.

निकिता

बँकॉक, १० फेब्रुवारी

ती. दादास कस्तुराचा साष्टांग नमस्कार.

या वेळी समस्त मंडळी नाहीत. फक्त तू. चष्मा लाव आणि आतल्या खोलीत बसून वाच. वहिनी जवळ असल्या तर चालेल, त्यांनी तुला आधीच सांगितलं होतं.

निकिताचं पत्र आलं. वाचून झाल्यावर मी बाल्कनीत उभी राहिले. खाली सगळं शहर धावत होतं आणि मी ते पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचलं. चाळीस वर्षं मी कामरगावपासून रिसोडपर्यंत व्यासपीठांवर ओरडले की बाईचा आवाज दाबू नका. टाळ्या घेतल्या, नारळ घेतले, शाली तर इतक्या घेतल्या की थंडीत अर्ध्या गल्लीला पुरतील. आणि घरातली एक मुलगी साधं नाही म्हणाली, तेव्हा तिचा आवाज दाबायला मी माझाच आवाज वापरला.

त्या संध्याकाळी टीनानं जेवायला विचारलं. मला खरंच घास गेला नसता. मी नाही म्हटलं. तिनं झाकण लावलं आणि शेजारी येऊन बसली. कोणी वाढलं नाही, कोणी शपथ घातली नाही, कोणी रुसलं नाही. दादा, बासष्ट वर्षांत माझी नाही पहिल्यांदा कोणी जशीच्या तशी ठेवून घेतली. तेच झाकण, पण या वेळी आवाज गोड वाटला.

काल मी धनजला राजपालच्या वडिलांना फोन केला. जुळवाजुळव माझी होती, म्हणून चूकही माझी, असं सांगितलं. ते म्हणाले, पोरगी लाजत असेल. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, आमच्या पोरात काय कमी आहे? मी म्हटलं, काही नाही, तरीही नाही. ते म्हणाले, चार दिवस जाऊ द्या, समजूत घाला. मी पुन्हा नाही म्हटलं. तीनदा झालं, दादा, आणि त्यांनी ते माझ्या ताटात परत वाढलं. म्हणाले, बाप म्हणेल तेव्हा खरं मानू. तेव्हा मला कळलं की भिंतीशी बोलताना निकिताला कसं वाटत असेल.

तू म्हणशील, मंडप सांगितला, साठ लोक येणार, गाव काय म्हणेल. गाव बुंदी खाईल आणि हसेल. मी उपाशी राहिले तेव्हाही हसलंच होतं. त्या हसण्यानं मी मेले नाही. पण ज्या घरात नको म्हटलं होतं, त्या घरात आयुष्यभर ताटावर बसणं म्हणजे काय, ते हसून निभत नाही.

म्हणून एकच काम कर, मी येण्याची वाट न पाहता. निकिताला आत बोलाव आणि एकदा विचार. एकदाच. ती जे सांगेल त्यावर काही बोलू नको, बोलायचा रोग मला आहे, तुला नाही. मग अंगणात ये, सगळ्यांमध्ये बस आणि धनजला फोन लावून तिचं उत्तर तिच्याच शब्दांत सांग.

माझ्यावरची माया यानंतर कमी झाली तरी चालेल, तिच्यावरची कमी करू नको.

कस्तुरा

ता. क. तो फोन स्पीकरवर लाव.