पाणी कसं होतं

धामणगाव बढे,
चैत्र, १९६४

शेवंताच्या बाबाले मनकर्णाचा नमस्कार.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. तुमीच नाही, त पाठवू कोणाले?

नेवीतले तुमचे जोडीदार पेडणेकर काल घरी आले, तुमचे कपडे अन् घड्याळ घेऊन. जेवा म्हटलं त जेवले नाहीत. मंग सांगू लागले. बेटाजवळ बुडालेलं जुनं जहाज तपासाले तुमी दोघं पाठीवर हवेच्या टाक्या बांधून उतरले होते. जहाजात रंगीत मासोळ्या फिरत होत्या, त्या दाखवाले तुमी त्यायले हात करून बोलावलं. मंग तुमी आतल्या खोलीत शिरले अन् वरचा सडका पत्रा अंगावर आला. तो उचलेपर्यंत तुमच्या टाकीतली हवा सरली.

म्या इचारलं, "पाणी लय खोल होतं का भाऊ?"

"नाही हो वहिनी. एखाद्या विहिरीइतकंच. वरचं ऊन तळापर्यंत येत होतं."

"मंग वर काऊन नाही आले?"

ते मान खाली घालून रडू लागले. मले मात्र रडू येत नव्हतं. तार आली तवापासून आलंच नव्हतं. तुमची माय म्हणे, इचं काळीज दगडाचं हाय का?

ते निघाले, तवा म्या दारात इचारलं, "पाणी थंड होतं का? त्यायले थंड पाणी सोसत नव्हतं. भर उन्हाळ्यातही मी चुलीवर तापवून देत होती."

"नाही वहिनी," ते म्हणाले, "कोमट होतं. आंघोळीच्या पाण्यासारखं."

मी तिथंच उंबरठ्यावर बसली, शेवंताले पोटाशी धरलं अन् रडली.

तुमचीच,
मनकर्णा