मनोऱ्यावरून कोणी उडी मारली नाही

३ मार्च, सकाळी ७.५०
पाचला उठायचं ठरवलं होतं. सगळे यशस्वी लोक पाचला उठतात. गजर बायकोने बंद केला. तिचं म्हणणं, "तुम्हीच झोपेत 'बंद कर' म्हणून ओरडलात." झोपेतल्या माणसाचं ऐकायचं नसतं, एवढं साधं कळू नये? डोकं फिरलं. पण यशस्वी माणूस रागावत नाही. आजपासून राग बंद.

३ मार्च, सकाळी ११
राग चालू. कारण मनोऱ्याच्या नव्या व्यवस्थापक मॅडम. वय एकतीस. मी या घड्याळाच्या मनोऱ्यावर एकोणीस वर्षं गाइड आहे. (हे वहीला सांगतोय, कारण मॅडमना सांगून उपयोग झाला नाही.) त्यांनी मला छापील माहितीपत्रक दिलं आणि म्हणाल्या, "यापुढे एवढंच सांगायचं." त्यात उडी नाही! शंभर वर्षांपूर्वी ज्याने हा मनोरा बांधला, त्याचं घड्याळ उद्घाटनाच्या दिवशी चार मिनिटं मागे पडलं आणि त्याने वरून उडी घेतली. एकोणीस वर्षं लोक हे ऐकून डोळे पुसताहेत. शेवटी मी धडा देतो: कामावर असं प्रेम करा. मॅडमनी विचारलं, "उडी मारलेला माणूस यशस्वी कसा?" मी म्हणालो, "मॅडम, ते समजायला वय लागतं." त्यांनी आणखी एक माहितीपत्रक दिलं.

५ मार्च
आज तळमजल्यावरच्या चित्रावरून वाजलं. मनोरा अर्धा बांधून झालाय, भोवती बांबूंची परांची, असं मोठं चित्र आहे. मी सांगतो: चित्रकाराचा उजवा हात मोडला, तरी खचला नाही, डाव्या हाताने चित्र पुरं केलं. धडा: संकटात संधी. मॅडम म्हणतात, तो जन्मापासून डावखुरा होता. समोर सोळा पर्यटक उभे असताना म्हणतात! एक बाई, जिचे डोळे नुकते भरून आले होते, ती हसायला लागली.
डावखुरा तर डावखुरा. मोडू शकत नाही का डावखुऱ्याचा उजवा हात?

६ मार्च
सूडाची संधी मिळाली. या २८ तारखेला मनोऱ्याला शंभर वर्षं होताहेत. समितीच्या अध्यक्षांनी सांगितलं, सगळ्यात जुन्या माणसाने बोलावं. म्हणजे मी! पंधरा मिनिटं. विषय ठरवला: "दगडातून यश: थोरांकडून सात धडे." मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला.

९ मार्च
मुलगी कॉलेजात इतिहास शिकते. तिने मनोऱ्यावर प्रकल्प लिहिला. प्राध्यापकाने उडीभोवती लाल गोल केला आणि "आधार?" असं लिहिलं. तिने खाली लिहिलं होतं, आधार: बाबा. त्याभोवतीही गोल. वर्गात वाचून दाखवलं म्हणे. पोरगी जेवली नाही.
मी प्राध्यापकाला चार पानी पत्र लिहिलं. बायकोने ते वाचलं आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घालून टाकलं. टेबल आता डुगडुगत नाही, ही वेगळी गोष्ट.

१० मार्च
मुलीने सरळच विचारलं, "बाबा, उडीची गोष्ट तुला कोणी सांगितली?" म्हणालो, जुन्या लोकांनी. "कोणत्या?" म्हणालो, ते वारले. "सगळे?"
आजकालची मुलं उलटतपासणी घेतात. कशाला शिकवतो आपण?
इथे लिहून ठेवतो, म्हणजे माझ्या मनात तरी गोंधळ नको. गोष्ट मी रचली म्हणणं चूक आहे. ती मला सुचली. पहिलंच वर्ष होतं. चार पर्यटक होते, चौघं जांभया देत होते. मी मनोऱ्याची उंची सांगत होतो, रुंदी सांगत होतो, आणि त्यातला एक माझ्या तोंडावर म्हणाला, "चला, नंतर बघू." तेवढ्यात ती सुचली. चौघं थांबले. नंतर एकाने माझा हात हातात घेतला. त्याआधी माझा हात कोणी हातात घेतला नव्हता. लग्नात घेतला होता, पण ते ठरलेलं असतं.

१४ मार्च
मेहुण्याने यशाचं पुस्तक पाठवलं. मेहुणा लिफ्टचा धंदा करतो, घरात यशस्वी माणूस म्हणजे तोच. एका पानाचा कोपरा मुद्दाम दुमडलेला. उघडलं तर प्रकरण: "ऐकायला शिका." फोन करून त्याला ऐकवलं. वीस मिनिटं ऐकवलं. तो शांतपणे ऐकत राहिला. हा माणूस अपमान करायची एकही संधी सोडत नाही.

१९ मार्च
मुलीने त्या मनोरा बांधणाऱ्याची नात शोधून काढली! बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. पोरीने परस्पर पत्र लिहिलं, उत्तर आलं: समारंभाला येते. छान. बाई माझे आभार मानतील. आजोबांना जिवंत कोणी ठेवलं?
मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज, उडीचं वगळ. बाकी कितीही बोल." पोटची पोर! मॅडमच्या पक्षात! म्हणालो, तुझ्या लाल गोलासाठी मी इतिहास बदलणार नाही. ती म्हणाली, "तेच तर सांगतेय." आणि दार आपटून गेली. दार आपटणं आईकडून आलंय.

२५ मार्च
सहा दिवस अबोला. सातातले चार धडे वेळेअभावी गळाले. उडी राहिली.

२८ मार्च, दुपारी २
तळमजल्याचं दालन भरलंय. शर्टाला बायकोने इस्त्री केली. नातबाई पहिल्या रांगेत, शेजारी माझी मुलगी. माझ्याकडे बघत नाहीये. बघेल.

२८ मार्च, संध्याकाळी ७
बोललो. असं आयुष्यात बोललो नव्हतो. घड्याळ मागे पडलं, गर्दी गप्प झाली, तो कठड्यावर चढला, वारा सुटला (वारा आज नव्याने सुचला), आणि दालनात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. त्या शांततेत नातबाईंनी हात वर केला.
म्हणाल्या, "माझे आजोबा चौऱ्याऐंशीव्या वर्षी अंथरुणात गेले. शेवटची आठ वर्षं त्यांना खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागायची. उडी कुठली मारतात?"
सगळं दालन हसलं. अध्यक्ष हसले. शिपाई हसला. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत, त्याचा जास्त राग आला. मुलगी मान खाली घालून बसली होती, कान लाल.
बाई पुढे म्हणाल्या, "पण सांगता सुंदर हो. माझ्याच अंगावर काटा आला." दया! भर सभेत दया!
मग त्यांना वर जायचं होतं. आजोबांनी लहानपणी सांगितलं होतं म्हणे, की घड्याळाच्या मागे भिंतीत, खालून दिसणार नाही अशा जागी, एकेचाळीस गवंड्यांची नावं त्यांनी कोरून घेतली होती. स्वतःचं नाही. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. अध्यक्षांनी बघितलं. एकोणीस वर्षं इथला गाइड, मला ठाऊक असणारच.
एकशे बारा पायऱ्या आहेत. मी वर जात नाही. खाली कोणीतरी जबाबदार माणूस हवा. पर्यटक आपापले जातात, मी इथून दिशा देतो. कोणी कधी विचारलं नाही.
अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई माझ्या मुलीचा हात धरून चढली. त्यांची पर्स मी धरली. तासभर.
मुलगी खाली आली तेव्हा हात धुळीने माखलेले, आणि डोळे, सहा वर्षांची असताना उडीची गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा झाले होते, तसे. अबोला विसरून एकेक नाव सांगायला लागली. खरी नावं. मी म्हणालो, मला घाई आहे. घाई नव्हती.

३१ मार्च
मॅडमनी मुलीला बोलावून घेतलं. नावं नव्या माहितीपत्रकात येणार, खाली आधार म्हणून तिचं नाव छापणार. मला विचारलं, "तुम्ही सांगाल ना पर्यटकांना? तुमच्यासारखं कोणाला सांगता येत नाही." मी म्हणालो, आधी स्वतः तपासतो, मगच सांगतो. इतिहास हा असा ऐकीव नसतो. त्या चक्क "बरोबर" म्हणाल्या. चिडायला जागाच ठेवली नाही बाईने.

२ एप्रिल
तपासायला गेलो. सकाळी, एकटा, कोणी नसताना. त्रेसष्टाव्या पायरीवर बाजूला खिडकी आहे. खिडकी ठेवायची काय गरज होती? मनोरा बांधणाऱ्याचा मनस्वी राग आला. भिंत धरली, डोळे मिटले, खाली बसलो. पाऊण तासाने शिपायाला हाक ऐकू गेली. त्याने मला पाठमोरं उतरवलं, लहान पोराला उतरवतात तसं, प्रत्येक पायरी मोठ्याने मोजत. खालून शाळेच्या मुली वर चढत होत्या. त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या आणि आम्हाला वाट दिली.
एकीने शिपायाला हळूच विचारलं, "हे कोण?"
शिपाई म्हणाला, "इथले गाइड."