‘मागचं चाक’चा खप वाढतो

२ फेब्रुवारी, सकाळी

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही, म्हणून खरं तेच लिहिणार. खरी गोष्ट अशी की इंटरनेट फार दिवस टिकणार नाही.

संकल्प तीन. रोज सकाळी सायकलवर तीस किलोमीटर. माझ्या ‘मागचं चाक’ मासिकाला पुन्हा जुने दिवस आणणं. जावयाशी वाद न घालणं.

सायकल उद्यापासून. आज वारा आहे.

२ फेब्रुवारी, दुपारी

जावयाशी वाद झाला. सुरुवात त्याने केली. येले जेवायला आला, फोन ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाला, बाबा, जिंकणारा सायकलवरून उतरायच्या आत माझ्या साइटवर निकाल येतो, तुमच्या मासिकात तीन आठवड्यांनी. मी म्हटलं, निकाल कुणीही देईल, विचार कोण देणार? तो म्हणाला, विचार मागितलाय कोणी? यावर गोडेलीव्ह हसली. एकतीस वर्षं माझी बायको आहे, पण जावई आला की पक्ष बदलते.

मग तिने तिचं काढलं. पुढच्या खोलीत तिला केस कापायचं दुकान पुन्हा उघडायचंय. तिची ती गोल झाकणवाली, केस वाळवायची खुर्ची गॅरेजमध्ये कोळ्यांच्या ताब्यात आहे. पुढच्या खोलीत ‘मागचं चाक’चं संपादकीय कार्यालय आहे. म्हणजे मी, टेबल आणि न खपलेले अंक. शेवटी तडजोड झाली: जूनच्या जत्रेपर्यंत मासिक स्वतःच्या पायावर उभं राहिलं तर खोली माझी. नाहीतर खुर्ची आत, मी बाहेर.

मी लगेच हो म्हटलं. बिचारीला उगाच आशा लावली याचं वाईट वाटतंय.

१० फेब्रुवारी

वारा.

छापखान्यात गेलो. कामील म्हणाला, ओडिलोन, गुळगुळीत कागद आता तुझ्या आवाक्यात नाही. त्याने एक राखाडी, खरखरीत कागद दाखवला. त्यावर कोंबड्यांच्या खाद्याच्या जाहिराती छापतात म्हणे. मी भडकलो. आमच्या वेर्लेखेम गावच्या सायकलविश्वाचा मान कोंबड्यांच्या पंगतीला? ताडकन उठून बाहेर पडलो.

१० फेब्रुवारी, थोड्या वेळाने

परत आत गेलो. टोपी राहिली होती. तो कागद पुन्हा हाताळला. खरं तर त्यात एक रांगडेपणा आहे. आमच्या दगडी रस्त्यांसारखा. कामीलला म्हटलं, हाच हवा, मी केव्हाचा शोधत होतो. संपादकीय डोक्यात तयार आहे: ‘कागद आणि माणूस’. अकरा पानं तरी होईल.

३ मार्च

आज इतिहास घडला!

हंगामाची पहिली शर्यत. सकाळपासून मुसळधार. नव्या कागदावरचा अंक चर्चसमोर नेस्टरच्या कॅफेत ठेवला. नेस्टर बीयर ओततो आणि गावच्या सायकल क्लबाचा अध्यक्षही तोच. दरवेळी मी जेवढे ठेवतो तेवढेच तो परत देतो, आणि वर म्हणतो, मोजून घे हं. आज शर्यत संपून तास झाला नाही तोच त्याचा फोन. अंक संपले. सगळे! म्हणाला, अजून आण, पोरं ओरडतायत.

धावत नेले. सायकलवीर स्वतः घेत होते, चिखलाने माखलेल्या हातांनी. एकाने तीन घेतले. तीन! एक वाचायला, एक जपून ठेवायला आणि एक बहुतेक आईला.

‘कागद आणि माणूस’ भिडलं. दुसरं काय कारण असणार?

१० मार्च

शर्यत. पाऊस. अंक फस्त. एका पोराला जुना, गुळगुळीत अंक देऊ केला. त्याने पान दोन बोटांत चोळून बघितलं, नाक मुरडलं आणि परत केला. म्हणाला, काका, तो नवीनवाला द्या. वाचकांची अभिरुची आठवडाभरात कुठल्या कुठे गेली!

निरीक्षण: शर्यतीआधी कोणी घेत नाही, संपल्यावरच घेतात. आधी कष्ट, मग चिंतन. बरोबर आहे.

सायकलचा संकल्प स्थगित. संपादकाला सर्दी परवडत नाही.

१७ मार्च

आज ऊन. खप शून्य. घाबरलो नाही. उन्हात माणूस उथळ होतो. पावसात अंतर्मुख होतो.

२४ मार्च

पाऊस! मी म्हटलं नव्हतं? कॅफेत अर्ध्या तासात फडशा. एक बाई म्हणाल्या, छान आहे हो, पण अंक जरा जाड काढता येईल का, मला दोन मुलगे आहेत. मी म्हटलं, बाई, तुम्ही फक्त आज्ञा करा.

आयुष्यभर पानं कमी पडतात म्हणून स्वतःबद्दल लिहायचं टाळलं. आता जनताच मागतेय. एप्रिलपासून आत्मचरित्र. पहिलं प्रकरण: १९७९च्या जत्रेच्या शर्यतीत मी तेविसावा कसा आलो. फोटोसकट.

७ एप्रिल

दुप्पट जाडीचा अंक. धो धो पाऊस. फुकटच्या बीयरसारखा संपला. तेविसाव्या क्रमांकाची गोष्ट आज गावातल्या प्रत्येक घरात पोचली आहे.

आनंदात फ्रिट्सची, म्हणजे तळलेल्या बटाट्यांची, मोठी पुडी, वर मेयोनेझचा डोंगर. संकल्पात आहाराबद्दल काही लिहिलेलं नाही, आत्ताच तपासलं.

येले भेटला. त्याची साइट म्हणे मंदावली आहे. मी मोठ्या मनाने म्हटलं, बेटा, वाईट वाटून घेऊ नकोस, तुला आमच्याकडे एक छोटा स्तंभ देईन, शेवटच्या पानावर. त्याने डोळे चोळले. गहिवरला असावा.

त्याच्या फोनवर रविवारचं हवामान मात्र बघून घेतलं. ढग आहेत. तेवढ्यापुरतं इंटरनेट बरं आहे.

१४ एप्रिल

गोडेलीव्हने भांडी पुसता पुसता विचारलं, अरे, तो अंक वाचताना तू कोणाला बघितलंस का कधी? मी म्हटलं, संपादकाने वाचकाच्या तोंडाकडे बघत बसायचं नसतं. ती म्हणाली, बरं. तिच्या ‘बरं’मध्ये फार काही असतं. मी शोधायला गेलो नाही.

बेत: मासिकाचं साप्ताहिक करायचं. गेंट शहरात ऑफिस. ही खोली मग गोडेलीव्हला भेट म्हणून द्यायची, वाढदिवसाला. जिंकणाऱ्याने उदार असावं.

५ मे, दुपारी

शर्यत, पाऊस, वगैरे. आज वाचकांच्या प्रतिक्रिया गोळा करायला खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत जाणार. त्यातल्या निवडक पुढच्या अंकात छापू. नवी पेन्सिल घेतलीय.

५ मे, संध्याकाळी

लिहावंसं वाटत नाही.

५ मे, जेवणानंतर

लिहितो. हीटरच्या कडेने बुटांची रांग होती. भिजलेले, फुगलेले सायकलचे बूट, तीसचाळीस जोड. आणि प्रत्येक बुटात ‘मागचं चाक’. चुरगाळून, कोंबून, अगदी अंगठ्यापर्यंत. एका डाव्या बुटातून मी बाहेर डोकावत होतो. १९७९चा मी, पुष्पगुच्छ नसलेला. नाकापर्यंत ओला.

नेस्टर मागून आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, अरे लेका, तुला माहीत नव्हतं? सगळ्या गावाला माहीत आहे! पूर्वी घरोघरी पेपर यायचा, तोच बूट वाळायला रात्री आत कोंबायचो. तूही कोंबलास, मीही कोंबला. आता सगळे बातम्या फोनवर वाचतात. घरात कागदाचा चिटोरा नाही. फोन काय बुटात घालणार? आणि तुझा कागद ना ओडिलोन, पाणी असा ओढतो की बास!

त्याला ती स्तुती वाटत होती. मला तिथेच रडू फुटलं. सर्दी आहे म्हणून सांगितलं.

पेन्सिल तिथेच राहिली.

६ मे

दिवसभर अंथरुणात. गोडेलीव्हने सूप आणून दिलं. तिला सगळं आधीपासून माहीत होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, इतक्या वर्षांत तुला सकाळी शीळ घालताना ऐकलं नव्हतं, मग कसं सांगू? मी भिंतीकडे तोंड करून झोपलो. सूप चांगलं होतं.

७ मे, पहाटे

युरेका!

मी किती मूर्ख! हा तर विजय आहे! येलेच्या साइटवर लाखो लोक असतील, पण त्यातला एक तरी तिला बुटात घालू शकतो का? इंटरनेट जगात सगळं करतं, फक्त पाणी शोषत नाही. छापील माध्यमाला भवितव्य आहे आणि ते ओलं आहे.

शिवाय बुटात घालण्याआधी माणूस पान बघतोच. निदान चुरगाळताना तरी.

जत्रेचा अंक तिप्पट जाड. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात: ‘साइटवर बघा, पण बुटात आम्हीच!’ आत आत्मचरित्राचे उरलेले सगळे भाग, लहानपणासकट.

१९ मे

शीळ पुन्हा सुरू. येलेला मुखपृष्ठ दाखवलं. पहिल्यांदाच मनापासून हसला. म्हणाला, बाबा, हे भारी आहे. मुलगा वाईट नाही.

६ जून

जत्रा रविवारी. हवामान: दिवसभर पावसाच्या खुणा. कालपासून येलेच्या साइटवर पाचदा पाहिलं. येले म्हणतो, बाबा, माझ्या साइटचे सगळ्यांत निष्ठावंत वाचक तुम्हीच.

९ जून, सकाळी

आभाळ फाटलंय! काय सुंदर दिवस! पाळणे बंद, ताडपत्र्या उडतायत, पाद्री छत्री धरून सायकलींना आशीर्वाद देतोय आणि आशीर्वादाहून पाऊसच जास्त पडतोय.

इतकं बरं वाटलं की सायकल काढली. होय! शर्यत सुरू होण्याआधी सगळ्या मार्गावर एक पूर्ण फेरी मारली. समोरून वारा होता तरी. लोकांनी हात हलवले. कोणीतरी ओरडलं, चल रे तेविसाव्या! म्हणजे वाचलंय! एकाने तरी वाचलंय!

९ जून, दुपारी

संपले. सगळे संपले. कामीलने ज्या कागदात गठ्ठे बांधून दिले तो कागदसुद्धा गेला. माझी स्वतःची प्रत नेस्टरच्या बायकोने माझ्या खिशातून ओढून घेतली. नेस्टर म्हणाला, संध्याकाळी थांब, क्लबाला तुझ्याशी कायमचा व्यवहार करायचाय. शेजारची गावंही सामील आहेत.

घरी येऊन गोडेलीव्हला सांगितलं, खुर्ची गॅरेजमध्येच राहू दे. ती म्हणाली, बरं झालं रे, खरंच. आणि तिने माझं ओलं डोकं टॉवेलने खसाखसा पुसलं. तिचा हात अजून किती सराईत आहे!

९ जून, संध्याकाळी

व्यवहार असा. सगळा हंगाम, दर महिन्याला गठ्ठे, चार गावांचे क्लब. पुढच्या वर्षीही. मी उभ्या उभ्याच हो म्हणणार होतो. नेस्टरने बीयरचा ग्लास फिरवत म्हटलं, एकच छोटीशी अडचण आहे रे, तू मनाला लावून घेऊ नकोस. शाई उतरते. पोरांचे पांढरे मोजे काळे होतात, आया मला धारेवर धरतात. तर, ते छापल्याशिवाय मिळेल का?

मी विचारलं, काय छापल्याशिवाय?

तो म्हणाला, काहीच.

मी म्हटलं, निदान मुखपृष्ठावर नाव? तो म्हणाला, घाल की, तुझी हौस. मुखपृष्ठ आम्ही काढून टाकू.

विचार करून सांगतो म्हटलं आणि निघालो. पचपच करत घरी आलो. सकाळच्या फेरीने बूट पार भिजलेत. गोडेलीव्हला म्हटलं, कागद दे. तिने सगळं घर पालथं घातलं. ‘मागचं चाक’चा एकही अंक नाही, फक्त ते जुने गुळगुळीत, आणि ते कुचकामी. ती हळूच म्हणाली, घरात एवढी तुझी वहीच आहे. पुढची पानं कोरी असतील ना?

आहेत. जूनपासून डिसेंबरपर्यंत सगळी.

१० जून, सकाळी (वहीच्या पुठ्ठ्यावर)

गोडेलीव्ह गॅरेजमध्ये खुर्चीवरची जाळी झटकतेय. एक बाजू धरायला तिने मला हाक मारली आहे. येतो म्हटलं. कोऱ्या कागदाला कार्यालय लागत नाही.

बूट खडखडीत कोरडे. मोजे पांढरेशुभ्र. नेस्टरला होकार कळवायचा.