नंदूची बैलगाडी आणि आमचा टीव्ही

५ जानेवारी
सत्यजीतचा मित्र अमेरिकेहून आला, पेनड्राइव्ह देऊन गेला. चहालाही थांबला नाही. चिरंजीवांचा निरोप एवढाच: नंदूच्या शाळेतला कार्यक्रम आहे.
मला लगेच कळलं. बैलगाडीची कविता! आमच्या तिसरीच्या पुस्तकातली. दिवाळीत फोनवर मीच नातीला चालीवर शिकवली. दोन ओळींनंतर तिकडे तिची शाळेची बस आली. पण पोरगी हुशार, बाकीची तिने मिळवली असणार.
सत्यजीत मोबाइलवर पाठवतो म्हणत होता. मीच नको म्हटलं. त्यात नात मुंगीएवढी दिसते.

६ जानेवारी, सकाळ
टीव्हीने लिहून दाखवलं, फॉरमॅट नॉट सपोर्टेड. पेनड्राइव्ह पंच्याने पुसून पुन्हा लावला. तेच.
शेजारचा हौसराव म्हणाला, आबा, फाइल अमेरिकेची, टीव्ही कारेगावचा, कसं जमायचं वो? अडाणी. टीव्ही बुजलाय फक्त. सवय होईल.

६ जानेवारी, संध्याकाळ
सवय झाली नाही.

८ जानेवारी
एसटीने शिरूर. टीव्हीच्या दुकानात शंकरराव म्हणाले, फॉरमॅट कोणताय? मी म्हटलं, कविता. सगळ्या गावाला बोलावून दाखवायचीय, हेही सांगितलं.
मग त्यांनी कॉम्प्युटरवर फाइल बदलून दिली. म्हणाले, चित्र दिसंल, आवाजाचं सांगता येत न्हाई. माणसं बोलवायच्या आधी घरी एकदा लावून तपासा.
तपासणार नाही. आधी बघितलं तर गोडी जाते. परत येताना खिडकीशी बसून अख्खी कविता म्हटली. कंडक्टरने एकदा वळून बघितलं. आवडली असावी.

१० जानेवारी
देवळातल्या माईकवरून पुकारायला सांगितलं: उद्या चार वाजता आबांच्या घरी त्यांच्या अमेरिकेतल्या नातीचं कवितागायन, सर्वांनी यावं. आमच्याकडे माईकवर पाणी कधी सुटणार ते आणि मयत सांगतात. कविता प्रथमच.
सतरंज्या झटकल्या. कस्तुराचा, नंदूच्या आजीचा, हार घातलेला फोटो टीव्हीच्या वर होता, समोरच्या भिंतीवर लावला. तिथून तिला नीट दिसेल.

११ जानेवारी, रविवार
यशस्वी.
घर भरलं. समोरच्या घरातल्या सिंधूबाईंनी टीव्हीला हळदीकुंकू लावलं. नंदू दिसली! किती उंच झालीये. ओठ हलत होते, आवाज नव्हता. शंभरपर्यंत वाढवला. नाही. लोक चुळबुळायला लागले.
मी डगमगलो नाही. उभा राहिलो आणि खड्या आवाजात म्हणू लागलो. ओठ जुळले! अगदी तंतोतंत. काही ठिकाणी ती पुढे गेली, काही ठिकाणी मी.
मध्येच हौसराव म्हणाला, आबा, बैलाला शिंगं दोन, पोरगी आठ बोटं का नाचवतीय? मी म्हटलं, तिकडच्या हावभावाची पद्धत. माणसं हसली, पण सिंधूबाईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, पोरीनं आज्याचं नाव राखलं बगा.
सगळे गेल्यावर सतरंज्या मुद्दाम तशाच ठेवल्या.

१२ जानेवारी
सत्यजीतचा फोन. मी म्हटलं, कविता गावाला फार आवडली. तो म्हणाला, कसली कविता, आबा? ते ऑक्टोपसवर इंग्रजी भाषण होतं, आठ पायांचा समुद्रातला प्राणी. बक्षीस मिळालं तिला. कविता तेव्हा दिवाळीत दोन ओळींवरच राहिली, मराठी जरा मागं पडलंय तिचं. मग त्याने विचारलं, आवाज नीट आला ना? मी म्हटलं, खणखणीत.
नंदूला फोन दे म्हणणार होतो. त्याची मीटिंग होती.

१३ जानेवारी
हौसरावला सांगायचं नाही.
सतरंज्या गोळा केल्या. दुपारी पुन्हा टीव्ही लावला. आज कविता म्हटली नाही. नंदू बोलत होती, आठ बोटं नाचवत. आवाज नव्हताच. मी आणि कस्तुराने शेवटपर्यंत ऐकलं.